पोरगा आहेस ना, मग जास्त भर

कार इन्शुरन्सचा प्रीमियम काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग मी काही वर्षं केलं, बाहेरच्या देशातल्या एका कंपनीसाठी. काम तसं कंटाळवाणंच. एक खोटा ग्राहक तयार करायचा, त्याचं वय, गाडी, पत्ता, लायसन्स कधी मिळालं, मागचे क्लेम किती, सगळं भरायचं, बटण दाबायचं आणि आलेला आकडा शीटमधल्या आकड्याशी जुळतोय का बघायचं. मग त्यातली एकच गोष्ट बदलायची आणि परत पहिल्यापासून. वय अठरा ठेवून मेलचं फिमेल केलं की काय व्हायचं ते बघण्यासारखं होतं. गाडी तीच, पत्ता तोच, रेकॉर्ड तेवढंच कोरं, ड्रॉपडाऊनमधला एक शब्द बदलला आणि आकडा धाडकन खाली. तेच वय चाळीस केलं की मेल-फिमेल कितीही वेळा उलटंसुलटं करा, आकडा जेमतेम हलायचा.

आतली भानगड साधी असते. एक बेस रेट असतो आणि त्याला एकेक गुणक लागत जातो, गाडीचा एक, पत्त्याचा एक, रेकॉर्डचा एक. त्यातलं एक टेबल वय आणि जेंडरचं. त्याच्या वरच्या कोपऱ्यात, सतरा-अठरा-एकोणीस आणि मेल, तिथे सगळ्यात मोठे गुणक. कोणी डूख धरून लिहिलेले नसतात हां ते. ॲक्च्युअरी लोक मागच्या काही वर्षांचे क्लेम घेऊन बसतात, कुठल्या गटाने किती पैसे बाहेर काढायला लावले ते मोजतात आणि त्यातून तो आकडा येतो. टेबलाला राग-लोभ नाही. पण राग-लोभ नाही म्हणजे ते न्याय्य आहे असंही नाही, आणि हा मुद्दा माझ्या डोक्यात तेव्हापासून घर करून बसलाय.

सध्या त्या कोपऱ्यात माझा भाचा जाऊन बसलाय. बहिणीचा धाकटा, तिकडेच वाढलेला, लायसन्स मिळून वर्षही झालं नाही, आणि तो राहतो तिथे प्रीमियम ठरवताना कंपन्यांना जेंडर धरायची परवानगी आहे. कंपनीचा कोट, म्हणजे प्रीमियमचा आकडा, आला तसा त्याने मला फोन लावला, कारण घरात इन्शुरन्समधलं कळणारी मी एकटीच असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. त्याचं म्हणणं एवढंच, "अगं मावशी, पण मी अजून काही केलंच नाहीये ना!" ताईला, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीला, त्याच वयात, त्याच घरातून, तशाच गाडीवर बरेच कमी पैसे पडले होते, आणि ताईने पहिल्याच महिन्यात गाडी गेटला घासली होती हे घरात सगळ्यांना माहितीय. (ताई वाचत असशील तर सॉरी गं.)

तर त्याच्या बोलण्यात दम आहे, पण कंपनीचा प्रश्नच वेगळा आहे. तू काही केलंस का हे ती विचारत नाही. तुझ्यासारख्या हजार पोरांचं मिळून यंदा किती बिल येईल एवढंच ती बघते, आणि ते बिल हजारांत वाटून टाकते. त्यातले नऊशेच्या वर वर्षभर एक ओरखडाही न काढता गाडी चालवणार, पण नेमके कोण ते आधी कोणालाच माहीत नसतं, कंपनीला नाही आणि त्या पोरांनाही नाही. हे सगळ्याच इन्शुरन्समध्ये असतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात तसं, आणि इन्शुरन्स नावाचा धंदाच मुळात त्यावर उभा आहे.

भांडण आहे ते "तुझ्यासारखे" म्हणजे नक्की कोण ह्यावर. भाचा चष्मा लावतो, गणितात बरा आहे, बुद्धिबळ खेळतो, पार्ट्यांना फारसा जात नाही, आईला घाबरतो. आईला घाबरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोरांचा वेगळा गट काढला तर माझी खात्री आहे की त्यांचे क्लेम कमी निघतील! पण कंपनी तो गट करत नाही कारण फॉर्ममध्ये ते विचारता येत नाही, आणि विचारलं तर सगळेच हो म्हणतील. वय आणि जेंडर विचारायला फुकट, कागदावर तपासता येतं, खोटं बोलणं अवघड. म्हणजे हा गट निवडला जातो तो सगळ्यात खरा म्हणून नव्हे, तर सगळ्यात स्वस्तात कळणारा म्हणून. हे एकदा लक्षात घेतलं की बाकीचा वाद बराच सोपा होतो असं मला वाटतं.

कंपनीची बाजू खोटी आहे असं मात्र कोणी म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे रस्त्यावर वर्षाला साधारण ११ लाख ९० हजार माणसं मरतात, ५ ते २९ ह्या वयोगटात मरणाचं पहिल्या नंबरचं कारण हेच आहे, आणि मेलेल्यांत पुरुष बायकांच्या जवळपास तिप्पट. अमेरिकेत दर मैलामागे हिशोब केला तर सोळा ते एकोणीस वयाच्या ड्रायव्हरांचे जीवघेणे अपघात वीस आणि त्यावरच्यांच्या तुलनेत तिपटीच्या आसपास जातात, आणि त्या वयातसुद्धा पोरांचं प्रमाण पोरींहून जास्त. कारणं काही गूढ नाहीत. स्पीड, रात्रीची वेळ, बेल्ट न लावणं, दारू, आणि शेजारी-मागे बसलेले दोस्त. गाडीत समवयस्क पोरं जितकी जास्त तितका धोका जास्त, हे पुन्हापुन्हा दिसून आलेलं आहे. आता कोणी म्हणेल की पुरुष गाडी चालवतातच जास्त म्हणून अपघात जास्त, तर त्यात तथ्य आहे, मैलांच्या हिशोबात फरक कमी होतो, किरकोळ ठोकाठोकीत तर खूपच कमी होतो, पण जीवघेण्या अपघातांत तो काही पुसला जात नाही.

आणि पैशाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. ताईने घासलेल्या गेटचं कंपनीला काही वाटत नाही, पत्रा ठोकून रंग मारला की संपलं. कंपनी खऱ्या अर्थाने हादरते ती रात्री दीड वाजता वळणावर उलटलेल्या गाडीने, जिच्यात चार पोरं होती आणि त्यातल्या एकाच्या मणक्याला मार बसला. त्या पोराचा दवाखाना, पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांची देखभाल, बुडालेली कमाई, हे सगळं एका क्लेममध्ये येतं. असे क्लेम फार थोडे असतात पण टेबलाच्या त्या कोपऱ्यातला आकडा मुख्यत्वे तेच फुगवतात. म्हणजे भाचा जे जादा भरतो ते स्वतःच्या बंपरसाठी नाही, कुठल्या तरी अनोळखी पोराच्या मणक्यासाठी भरतो.

बरं, एखाद्या कंपनीने उदार होऊन मुलगा-मुलगी एकच रेट लावला तर? शेजारची कंपनी दुसऱ्याच दिवशी मुलींना कमी रेटची जाहिरात करणार, मुली उठून तिकडे जाणार, इकडे उरली सगळी पोरं, म्हणजे एकच रेट वर वर जात शेवटी पोरांचाच रेट होणार. उदार कंपनी एक तर बुडेल नाहीतर मुकाट्याने वेगळे रेट लावेल. म्हणून हे एकेका कंपनीच्या चांगुलपणावर सोडून भागत नाही, करायचं असेल तर कायद्यानेच, सगळ्यांना एकदम करावं लागतं. आणि कायद्याने केलं की मुलींना जास्त पडतात. हा भाग भाचा सोयीस्करपणे विसरतो, मग मी त्याला विचारते, ताईने तुझ्या दोस्तांच्या स्पीडचे पैसे का भरायचे रे? त्यावर तो म्हणाला, "मग मी तरी का भरायचे?" आणि ह्यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही हे खरं आहे. तो आणि ताई, दोघांपैकी कोणीच ती गाडी उलटवलेली नाही. उलटवणाऱ्याशी त्याचं नातं काय, तर दोघांच्या फॉर्मवर मेल लिहिलंय.

इथे मला लायसन्सचं उदाहरण फार बोलकं वाटतं. १९८७ मध्ये न्यूझीलंडने टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायची पद्धत आणली, नंतर बऱ्याच ठिकाणी ती गेली. आधी शिकाऊ, मग काही काळ अटींवर, म्हणजे रात्री उशिरा एकट्याने चालवायची नाही, बरोबर कोणी अनुभवी नसेल तर दोस्तांना घेऊन फिरायचं नाही, आणि मग पूर्ण लायसन्स. नव्या ड्रायव्हरांचे अपघात त्याने कमी झाले. पण बघा, ह्या अटी पोरांना आणि पोरींना सारख्याच आहेत. आकडेवारी तीच, पोरं जास्त मरतात-मारतात हे सरकारलाही माहीत, तरी रात्री दहानंतर फक्त मुलांनी गाडी काढायची नाही असा नियम कोणी केला नाही, आणि केला असता तर केवढा गदारोळ झाला असता! तीच गोष्ट कंपनीने पैशात केली की मात्र आपण म्हणतो, डेटा आहे बाबा, काय करणार.

डेटा खरा असणं पुरेसं आहे का ह्याचा इतिहास इन्शुरन्सवाल्यांना फार भूषणावह नाहीये. १८८१ साली अमेरिकेत प्रुडेन्शियल ह्या इन्शुरन्स कंपनीने कृष्णवर्णीयांच्या लाइफ पॉलिसीवर गोऱ्यांइतकाच हप्ता घेऊन रक्कम एक तृतीयांश कमी द्यायला सुरुवात केली. कारण काय, तर मृत्यूदर जास्त. मृत्यूदर जास्त होता हे खरंच होतं, नुकतीच गुलामी संपलेल्या, धड घर-दवाखाना न मिळणाऱ्या लोकांचा तो जास्तच असणार. मॅसॅच्युसेट्सने १८८४ मध्ये कायदा करून हे बंद केलं, आणखी काही राज्यांनी केलं, तर त्याच कंपनीच्या फ्रेडरिक हॉफमन नावाच्या स्टॅटिस्टिशियनने १८९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहून हा फरक त्या वंशाच्या अंगातच आहे असं आकड्यांनिशी मांडलं. भाच्याची अवस्था आणि ती अवस्था एकाच तराजूत घालायची माझी अजिबात इच्छा नाही, एकोणीस वर्षांच्या पोराला चार-सहा वर्षं जास्त पैसे पडणं हा काही इतिहासातला अत्याचार नव्हे. पण "आकडे बरोबर आहेत, सबब न्याय्य आहे" हा युक्तिवाद एकट्याच्या बळावर उभा राहत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

दुसरं उदाहरण तर थेट बाई-पुरुषाचं आहे, फक्त उलट्या बाजूने. लॉस एंजेलिसच्या पाणी आणि वीज खात्यात बायकांच्या पगारातून पेन्शनसाठी पुरुषांपेक्षा १४.८४ टक्के जास्त कापून घ्यायचे. का, तर बायका जास्त जगतात, म्हणजे पेन्शन जास्त वर्षं खातात. खरं आहे, जगतातच. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे बेकायदा ठरवलं. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की गटाबद्दलचं विधान खरं असलं तरी ज्या एका बाईला ते लागू पडत नाही तिला त्यासाठी भुर्दंड पाडता येणार नाही, कारण कायदा माणसाकडे बघतो, गटाकडे नाही. तो खटला नोकरीतल्या भेदभावाच्या कायद्याखालचा होता, त्यामुळे कार इन्शुरन्सला तो लागला नाही. पण मला कळत नाही, बायकांच्या पेन्शनमध्ये जे चुकीचं ते पोरांच्या प्रीमियममध्ये बरोबर कसं? बाई म्हणून मला १९७८ चा निकाल हवा असेल (आणि तो हवाच आहे) तर तेच तत्त्व भाच्याच्या वेळी खिशात घालून ठेवता येणार नाही.

युरोपने हे तत्त्व धसाला लावलं. बेल्जियममधल्या टेस्ट-आशा ह्या ग्राहक संघटनेच्या केसमध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने १ मार्च २०११ ला निकाल दिला, आणि २१ डिसेंबर २०१२ पासूनच्या नव्या पॉलिसींना बाई-पुरुष वेगळा रेट लावणं बंद झालं. फक्त कार नाही, लाइफ, ॲन्युइटी (म्हणजे पेन्शनसारखी ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी) सगळंच. ब्रिटनमध्ये तेव्हा तरुण मुलींच्या बापांनी बराच आरडाओरडा केला आणि त्यांचे प्रीमियम वाढलेही. पण पुढे झालं काय, तर पुरुषांचा सरासरी प्रीमियम बायकांच्या वरच राहिला! फॉर्मवर जेंडर धरायचं नाही, ठीक आहे, पण गाडी कोणती, इंजिन केवढं, धंदा काय, वर्षाला किती मैल, हे सगळं विचारता येतंच ना. बांधकामावरचा कामगार आणि बालवाडीची शिक्षिका, एवढं कळलं की बाकीचं सॉफ्टवेअरला वेगळं सांगावं लागत नाही. काहींना ही शुद्ध पळवाट वाटते. मला पूर्णपणे तसं वाटत नाही. मोठ्या इंजिनची गाडी घेणं निदान तुमच्या हातात आहे, लहान घेतली तर रेट उतरतो. मुलगा असणं हातात नाही. धंद्याचं मात्र मलाही खटकतं, कारण तिथे सरळसरळ मागच्या दाराने जेंडर आत येतं.

अमेरिकेत राज्याराज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१९ पासून कार इन्शुरन्समध्ये जेंडर बंद केलं, हवाई, मॅसॅच्युसेट्स वगैरे त्याआधीपासून. मोंटाना तर गंमतच आहे, १९८५ पासून तिथे सगळ्याच इन्शुरन्समध्ये हा भेद बंद होता आणि २०२१ मध्ये त्यांनी तो परत चालू केला. म्हणजे ह्या प्रश्नाचा निकाल एकाच दिशेने लागत चाललाय असं समजायचं कारण नाही.

मला जे पटतं ते कॅलिफोर्नियातच, पण जेंडरच्या बरंच आधीचं. १९८८ साली तिथल्या मतदारांनी प्रस्ताव १०३ मंजूर केला, त्यात लिहिलंय की प्रीमियम ठरवताना आधी तीन गोष्टींना वजन द्यायचं, तुमचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड, वर्षाला किती मैल चालवता आणि किती वर्षं चालवताय. बाकी काय ते त्यानंतर. ह्या तिन्हींचा गाडी चालवण्याशी थेट संबंध आहे. भाचा ह्यातही स्वस्तात सुटणार नाही, अनुभव शून्य, रेकॉर्ड म्हणजे कोरा कागद. पण त्याला निदान सांगता येतं की बाबा तू नवीन आहेस म्हणून जास्त, चालव नीट, दरवर्षी कमी होईल. आणि ताई नवीन होती तेव्हा तिलाही तेवढेच पडले असते, गेटसकट.

म्हणून वय आणि जेंडर ह्या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवते, लोक एका श्वासात बोलतात तरी. वय कोणालाच वगळत नाही, तरुणपणी सगळेच जास्त भरतात आणि पुढे सगळेच कमी भरतात, सत्तरीच्या पुढे परत थोडे जास्त. आयुष्यभराचा हिशोब केला तर साधारण बरोबरीचं होतं. शिवाय कच्च्या वयातला उतावळेपणा नुसत्या अनुभवाच्या वर्षांत पूर्ण पकडता येत नाही, पस्तिशीत पहिल्यांदा गाडी शिकलेला माणूस नवशिका असतो पण तो सिग्नलला शेजारच्याशी रेस लावत नाही. जेंडरचं तसं नाही. तिथे एक बाजू जास्त भरते आणि दुसरी बाजू त्या वयातून जाऊनही भरत नाही. जुन्या टेबलांत तर लग्न झालंय का हेही असायचं, अनेक ठिकाणी अजून आहे, लग्न झालेल्या पोराला कमी रेट! म्हणजे बायको आली की एक्सीलरेटरवरचा पाय हलका होतो असा डेटा. असेलही.

आता ह्यावर सगळे जण सांगतात तो तोडगा, टेलिमॅटिक्स. गाडीत ब्लॅक बॉक्स बसवायचा किंवा फोनवर ॲप, ते तुमचा स्पीड, करकचून मारलेले ब्रेक, वेळ, मैल, चालवताना फोन हातात घेतला का, सगळं मोजतं आणि त्यावर प्रीमियम. तत्त्व म्हणून मला हे एकदम मान्य. जेंडर विचारायचं एकमेव समर्थन हे होतं की प्रत्यक्ष ड्रायव्हिंग मोजायची सोय नव्हती. आता सोय आहे, मग समर्थन संपलं. शिवाय टेबलातला मेलचा गुणक पोराला काहीच शिकवत नाही, हळू चालवा नाहीतर उडवत न्या, पैसे तेवढेच. ॲप निदान बोलतं.

पण ते बोलतं कसं ते जवळून बघितलंय मी. भाच्याने लगेच असलं ॲप घेतलं, सवलत मिळत होती म्हणून. एकदा मी तिकडे गेलेले असताना त्याच्या शेजारी बसले होते, दोन उभ्या गाड्यांच्या मधून एक लहान मुलगा बॉलमागे पळत रस्त्यावर आला आणि ह्याने असा काही ब्रेक मारला की माझी पर्स खाली. मूल बिचारं पळून गेलं, आमच्या दोघांच्या छातीत धडधड, आणि घरी येऊन बघतो तर ॲपमध्ये लाल टिंब, जोरात ब्रेक, मार्क कमी. त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं ड्रायव्हिंग ते होतं! नंतर मला जाणवलं की पोरगा पुढे पिवळा सिग्नल दिसला की ब्रेक मारायचा टाळतोय, मार्क जातील म्हणून निघून जातोय. एखादं टिंब सरासरीत विरून जातं हे मला माहितीय, अशी टिंबं खूप असतील तर अंतर न ठेवता चालवतोय हेही खरंच असतं, पण एकोणीस वर्षांचा पोरगा सरासरी बघत नाही, तो लाल टिंब बघतो.

दुसरं, रात्रीची वेळ. रात्री चालवलं की मार्क कमी, कारण रात्री अपघात जास्त. मग दवाखान्यात नाईट ड्युटी करणारी नर्स, वॉचमन, रात्रीच्या शिफ्टला वेअरहाऊसमध्ये जाणारा पोरगा, हे सगळे रोज घरी जातानाच दंड भरणार. जेंडर काढून टाकलं आणि गरिबाची शिफ्ट आणून बसवली, तर आगीतून फुफाट्यात. आणि तुम्ही कुठे जाता, किती वाजता, कोणाच्या दारात गाडी किती वेळ उभी असते हे सगळं कंपनीकडे जमा होतंय ते वेगळंच. ते कोणाला विकलं जाऊ नये, आणि ज्याला ॲप नको त्याला परत त्या मेलच्या कोपऱ्यात ढकलू नये, मैल आणि रेकॉर्डवर रेट द्यावा, एवढं कायद्यात असेल तर माझं मत टेलिमॅटिक्सला.

भारतात हा वादच फारसा ऐकू येत नाही कारण तिथे पॉलिसी गाडीच्या मागे असते, चालवणाऱ्याच्या नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, दर खाजगी कारला इंजिनच्या सीसीवर आणि तो सरकार ठरवतं, ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा, गाडीच्या किमतीवर, आणि क्लेम केला नाही तर नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत. बापाच्या गाडीच्या पॉलिसीवर अठरा वर्षांच्या पोराचा वेगळा आकडा येत नाही. ऐकायला न्याय्य वाटतं, पण त्याचा अर्थ असा की उडवणाऱ्या पोराचा खर्च जपून चालवणाऱ्या सगळ्यांत वाटला जातो, आणि पोराला प्रीमियममधून काहीच कळत नाही.

जिथे आकडा येतो तिथे तो किती मोठा असावा ह्यालाही मर्यादा हवी. गाडीच्या किमतीच्या जवळ प्रीमियम जायला लागला की पोरं दोन गोष्टी करतात. एक, इन्शुरन्सशिवायच चालवतात, आणि मग त्यांनी ज्याला उडवलं त्याचे हाल. दोन, पॉलिसी आईच्या नावावर, मुख्य ड्रायव्हर आई, आणि गाडी रोज कॉलेजला. भाच्याने मला हेही विचारून घेतलं, "आईचं नाव टाकलं तर गं?" मी सांगितलं, अजिबात नको, ही सरळ फसवणूक धरतात आणि क्लेमच्या वेळी उघडकीला आली तर सगळं तुझ्या अंगावर. कॅनडात तर २०१८ मध्ये एका माणसाने कमी प्रीमियमसाठी कागदोपत्री स्वतःचं जेंडरच बदलून घेतल्याची बातमी आली होती. हसू येतं, पण ज्या फॉर्मवर एक शब्द बदलल्याने रस्त्यावरचा धोका तिळभर न बदलता पैसे बदलतात, त्या फॉर्मबद्दल ती बातमी बरंच काही सांगते.

एवढा उघड मुद्दा असून पोरं ह्यावर संघटित होऊन भांडत का नाहीत, ह्याचं उत्तर मला कॅनडाच्याच एका जुन्या केसमध्ये सापडलं. ऑन्टारियोतला एक वीस वर्षांचा, लग्न न झालेला, चांगलं रेकॉर्ड असलेला मुलगा, १९८३ ची पॉलिसी. वय, जेंडर आणि लग्न ह्या तिन्हींवरून जास्त प्रीमियम लावला म्हणून त्याने मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. केस झुरिच इन्शुरन्सच्या नावाने ओळखली जाते. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, दोन न्यायाधीश विरोधात होत्या. बहुमताचं म्हणणं असं की त्या काळी दुसरा व्यवहार्य मार्ग उपलब्ध नव्हता, पण इन्शुरन्सवाल्यांनी असले निकष कायमचे धरून बसू नये, दुसरे शोधावेत. निकाल आला तेव्हा तक्रार करणारा तिशीला टेकला होता, म्हणजे प्रीमियम ज्या वयावरून वाढला होता ते वय कधीच मागे पडलं होतं. भाच्यालाही पंचविशीनंतर हळूहळू कमी पडायला लागतील आणि तेव्हा त्याला ह्या विषयावर फोन करावासा वाटणार नाही. त्याच्या जागी त्या कोपऱ्यात दुसरा कोणीतरी आलेला असेल.